दारातले काळे बूट

"काहून?"

तुम्ही त्यांच्याकडे काहीही मागा, पहिलं उत्तर हेच यायचं. लॉगिन मागा, प्रिंट मागा, नाहीतर खिडकी उघडायची परवानगी मागा. शब्द आपल्या मराठवाड्याचा, अर्थ साधा 'का'. पण त्यांच्या तोंडी तो साधा राहत नसे. डोळे बारीक व्हायचे, मान थोडी तिरकी व्हायची आणि 'हू'वर ते इतकं रेंगाळायचे, की मागणाऱ्याला स्वतःच्याच हेतूची शंका यायला लागायची. हिंदी बोलणाऱ्या पोरांना तोच प्रश्न "कायकू?" होऊन भेटे. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी "व्हाय?" ठेवलेला. भाषा तीन, संशय एकच.

आमच्या विद्यापीठातल्या अभियांत्रिकी विभागाचं संगणक केंद्र त्यांच्या ताब्यात होतं. दारावरच्या पाटीवर लांबलचक इंग्रजी हुद्दा होता, पण सगळे त्यांना 'केंद्रवाले सर' म्हणत. मी ड्रॉइंग शिकवतो. आयुष्यभर टी-स्क्वेअर आणि पेन्सिल घेऊन उभ्या राहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला उतारवयात कॅड, म्हणजे संगणकावरचं ड्रॉइंग, शिकवायची पाळी आली आणि माझी त्यांच्याशी गाठ पडली.

"लॉगिन पाहिजे होतं," मी म्हणालो.

"काहून?"

"मुलांना कॅड शिकवायचंय."

"तुम्हाला येतं?"

प्रश्न बोचरा होता, पण अन्यायाचा नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी मोठा कागद छापायचा प्लॉटर असा काही अडकवून ठेवला, की तो कंपनीच्या माणसाला बोलावूनच सुटला. त्यानंतर त्या यंत्राजवळून मी नुसता गेलो, तरी मागून आवाज यायचा, "सर, हात मागं बांधून चाला."

केंद्राचा पहिला नियम, पादत्राणं बाहेर. संगणक नवीन नवीन होते तेव्हा सगळीकडेच ही पद्धत होती. यंत्राला धूळ चालत नाही म्हणून माणसं देवळात जावं तशी अनवाणी आत जायची. पुढे यंत्रं सोशिक झाली आणि बाकीच्या ठिकाणी पोरं बुटांसकट आत फिरायला लागली. आमच्याकडे मात्र नियम राहिला, कारण केंद्रवाल्या सरांच्या लेखी तो धुळीसाठी नव्हताच. त्यांची खुर्ची दाराच्या आतल्या बाजूला, चपलांच्या रॅककडे तोंड करून असे. दाराच्या काचेचा वरचा भाग नोटिसांनी झाकलेला, म्हणून त्यांना येणाऱ्याचा चेहरा दिसायचा नाही, पाय तेवढे दिसायचे.

"चेहरा खोटं बोलतो," ते म्हणत. "चप्पल नाय बोलत."

आत कोण आहे, हे ते रॅक बघून सांगत. "सिव्हिलचा तो लांबड्या आलाय. त्याच्या दोस्ताची चप्पल नाय म्हणजे दोस्त बाहेर उभा राहून काहीतरी भानगड करणार." भानगड बहुतेक वेळा नसायचीच. दोस्त आपला चहा पीत असायचा. पण त्यामुळे पुढच्या खेपेचा संशय काही कमी होत नसे. माझ्या सँडलवरही त्यांची बारीक नजर होती. "सर, तुमची डावी टाच बाहेरून घासती. काहून?" मला माहीत नव्हतं. घरी येऊन मी आरशासमोर चालून पाहिलं. बायको म्हणाली, "मी वीस वर्षं सांगतेय, तिरकं चालता म्हणून. पण मी सांगितलेलं कुठं ऐकू येतं!"

माणूस मूळचा दौलताबादचा. किल्ल्याच्या पायथ्याशी वाढलेला. आता तो किल्ला तुम्ही पाहिला असेलच. तिथं शत्रूला तोंडावर अडवण्यापेक्षा चकवण्यावर भर आहे. अंधारी वाट, नसलेला रस्ता दाखवणारी वळणं. त्या किल्ल्याचं पाणी या माणसात कसं मुरलं होतं, हे मला एका दुपारी कळलं.

रॅकच्या वरच्या कप्प्यात डाव्या कोपऱ्यात त्यांचे काळे बूट असत. ते बूट दिसले की पोरं आवाज खाली आणायची, सर आत आहेत म्हणून. त्या दुपारी मी बूट पाहिले, हळूच मागं वळलो, आणि गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेलो. तिथं केंद्रवाले सर बशीत चहा ओतून पीत होते. पायात रबरी चप्पल.

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं.

"ते बूट कायमचेच तिथं असतात," ते शेवटी म्हणाले. "मी असलो काय, नसलो काय. कुणाला सांगू नका."

मी कुणालाही सांगितलं नाही. घरी सांगितलं, पण घर म्हणजे कुणी नव्हे. बायको म्हणाली, "म्हणजे बूट दारात असले, तरी हा माणूस आत असेलच असं नाही. कठीण आहे हो याच्या बायकोचं."

एवढा संशयी माणूस म्हटल्यावर त्याच्यावर संशय घेणं हे आम्ही बाकीच्यांनी आपलं कर्तव्यच मानलं होतं. केंद्राच्या आत आणखी एक कुलूपबंद खोली होती. मुख्य सर्व्हर तिथं. तिथली हवा बारा महिने गार. तास तास ते आत बसत आणि कुणालाही येऊ देत नसत. विद्युत शाखेच्या एका सरांचं म्हणणं, ते आत झोपतात. पोरं म्हणायची, ते रात्रंदिवस यंत्रं चालवून कसली तरी इंटरनेटची नाणी काढतात आणि लवकरच गडगंज श्रीमंत होणार आहेत. माझा स्वतःचा संशय जास्त घरगुती होता. मला वाटायचं, त्यांनी आत आंब्याची पेटी ठेवलीय.

भर मे महिन्यात, बाहेर डांबर पातळ होत असताना, एकदा ते दार अर्धवट उघडं राहिलं आणि मी डोकावलो. स्वेटर, मफलर आणि माकडटोपी घालून केंद्रवाले सर एका स्टुलावर बसले होते आणि समोरच्या लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्यांकडे टक लावून बघत होते.

"सर, काय करताय?"

"तो खालून तिसरा दिवा," ते कुजबुजले, "जास्त लुकलुकतोय. काहून?"

त्यांचा दिव्यांवरही विश्वास नव्हता.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग प्रज्ञाची गोष्ट झाली.

प्रज्ञा आमच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. लासूर स्टेशनहून रोज रेल्वेनं यायची. वडील तिथल्या मोंढ्यात धान्य मोजणारे मापाडी. तिनं प्रकल्पासाठी विषय घेतला होता कांदाचाळीचा. चाळीत हवा कशी खेळवली तर कांदा सडणार नाही, हे संगणकावर मांडून दाखवायचं. ते सॉफ्टवेअर केंद्रातल्याच यंत्रांवर चालायचं आणि त्याला ताकदवान यंत्र लागायचं. तशी दोनच होती, कोपऱ्यातली. तिच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नव्हता. ती सकाळी आली की कोपऱ्यात जाऊन बसायची, ते संध्याकाळच्या गाडीपर्यंत. रॅकवर तिची चप्पल सगळ्यांना ओळखू यायची. डाव्या पट्ट्याला निळ्या दोऱ्याची शिवण होती.

महालक्ष्म्यांच्या सुट्टीनंतर केंद्र उघडलं, तर कोपऱ्यातली दोन्ही यंत्रं सुरूच होईनात. केंद्रवाल्या सरांनी यंत्रांचे डबे उघडले. आतल्या रॅमच्या पट्ट्या गायब. बोटभर लांबीची, पण महागाची वस्तू, आणि खिशात सहज मावणारी.

त्यांनी डोळे मिटून रॅक आठवला. मग प्रज्ञाला बोलावलं.

"सुट्टीच्या आदल्या दिवशी शेवटची चप्पल तुझी होती."

"व्हय सर. रोजच माझी असती. माझी गाडी उशिराची हाये."

"काहून उशिराची?"

"आता गाडी काय मी काढते का, सर?"

पोरं हसली. तेच चुकलं. हसणं त्यांना पुराव्यासारखं वाटे.

"सर, ज्या मशीनवर माझं काम हाये, तिचीच रॅम मी काढीन का?"

"काहून नाय? त्या मशीनची माहिती तुलाच सगळ्यात जास्त."

अशा माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. निर्दोष असल्याचं प्रत्येक कारण त्याच्याकडे गेलं की उलटं होऊन परत येतं. तिला केंद्रात बंदी झाली. लेखी तक्रार जाणार, असं विभागप्रमुखांनी सांगितलं. प्रकल्प द्यायची तारीख पुढच्या सोमवारची होती. तो दिला नाही तर वर्ष जाणार होतं. आणि वर्षापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, गावाकडून शिकायला आलेली मुलगी 'चोर' हे नाव घेऊन परत जाणार होती.

मी मध्ये पडून पाहिलं. "अहो, ती तशी मुलगी नाही."

"काहून? तुमची कोण लागती?"

घरी बायकोनं विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?" मी म्हणालो, "विचार करतोय." ती म्हणाली, "म्हणजे काहीच नाही म्हणालात."

प्रज्ञा मात्र गप्प बसणारी नव्हती. ती रोज यायची आणि केंद्राच्या पायरीवर, रॅकशेजारी बसायची. मांडीवर फळी, फळीवर कागद. जे संगणकानं करायचं, ते हातानं मांडत बसायची. हवा इकडून आली तर कांद्याला किती लागेल, तिकडून आली तर किती. ते हातानं पुरं होणारं काम नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. काचेच्या आत ते, काचेच्या बाहेर ती. चप्पल तिच्या पायातच. तिला आत यायचं नव्हतं ना, मग काढायची कशाला? निळ्या दोऱ्याची ती शिवण दिवसभर त्यांच्या नजरेसमोर असायची. ते दोन-दोनदा खुर्ची हलवायचे, पण रॅककडची नजर काही हलत नसे.

त्यातच तपासणी समिती येणार म्हणून विभागप्रमुखांनी आवराआवर काढली. पहिला बळी रॅकचा. "दारात चपलांचा ढीग बरा दिसत नाही," म्हणून शिपायाला तो मागं न्यायला सांगितलं. मी तिथंच उभा होतो. शिपायानं रॅक तिरका केला आणि वरच्या कप्प्यातून डावा काळा बूट घसरून पायरीवर पडला. त्यातून गाठ मारलेला एक राखाडी मोजा बाहेर आला आणि घरंगळत प्रज्ञाच्या पायाशी थांबला.

तिनं तो उचलला. "सर, हे तुमच्या बुटातून..."

"हात काहून लावला?" केंद्रवाले सर आतून धावत आले.

विभागप्रमुखांनी मोजा घेतला, गाठ सोडली. आत चंदेरी पिशवी, पिशवीत रॅमच्या पट्ट्या. सगळ्या.

मग विभागप्रमुख प्रज्ञाकडे बघून हसले. चांगलं हसू नव्हतं ते. "वा! तक्रार जाणार म्हटल्यावर माल परत आला. रोज इथंच बसत होतीस, नाही का? आणि आता स्वतःच सापडवून देतेस."

आमच्या सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. खोटं कशाला बोलू, माझीही वळली. तिनं फळीवरचे कागद छातीशी धरले. पायरीवर बसायचं जे एकमेव धाडस तिनं केलं होतं, तेच आता तिच्याविरुद्ध उभं होतं.

केंद्रवाले सर मात्र तिच्याकडे बघत नव्हते. ते मोज्याच्या सुटलेल्या टोकाकडे बघत होते.

"मोजा माझा हाये," ते म्हणाले.

"बूट तुमचा, म्हणजे मोजाही तुमचाच असणार. प्रश्न आत कुणी ठेवलं हा आहे."

हे तुम्ही नीट लक्षात घ्या. त्या वेळी ते गप्प राहिले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. वस्तू मिळाली होती, चोर ठरला होता, त्यांचा संशय खरा ठरला होता. सगळं जिथल्या तिथं बसत होतं.

"मीच ठेवलं."

"काय?"

"सुट्टीत एसीवाली माणसं येणार होती. अनोळखी. म्हणून मीच काढून बुटात ठेवलं. बूट दिसला की कोणी जवळ जात नाय." ते थांबले. "माझीच गाठ हाये ही. दुहेरी."

"आणि विसरलात?"

त्यांनी वाकून पायरीवरचा बूट उचलला, शर्टाच्या बाहीनं पुसला आणि हातात धरून उभे राहिले. मग प्रज्ञाला म्हणाले, "चल आत. मशीन चालू करून देतो."

ती उठली. सवयीनं चप्पल काढायला वाकली.

"राहू दे," ते म्हणाले. "घालूनच चल."

शिपायाच्या हातातला रॅक तसाच राहिला. याच माणसानं केंद्राच्या उद्घाटनाला आलेल्या बड्या पाहुण्यांना पायमोज्यांवर फिरवलं होतं. त्यातल्या एकाच्या मोज्याला भोक होतं, ते सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. माफी मागायला त्यांच्याकडे दुसरे शब्द नसावेत. होतं नव्हतं ते सगळं त्यांनी त्या चार शब्दांत दिलं होतं.

प्रज्ञानं मान वर केली. "काहून, सर?"

इतकी वर्षं दुसऱ्यांना विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना देता आलं नाही. तिनं दोन्ही चपला काढल्या, रॅक जिथं होता तिथं भिंतीला लागून नीट ठेवल्या आणि आत गेली. मागोमाग ते गेले. मी वाकून काचेतून पाहिलं, ते पट्ट्या बसवत होते आणि ती मोबाइलचा उजेड धरून उभी होती. त्यांचा हात जिकडे जाई, तिकडे ती उजेड सरकवत होती.

प्रकल्प सोमवारी वेळेत गेला. प्रज्ञा आता वाळूजला एका कारखान्यात डिझाइन विभागात आहे.

केंद्रवाल्या सरांचा संशय मात्र त्या दिवसापासून एका नव्या माणसावर बसला. स्वतःवर. संध्याकाळी केंद्र बंद करून ते फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. कुलूप ओढून बघायचे. पुन्हा जायचे, पुन्हा यायचे. मी दिसलो की मला गाठायचे.

"सर, कुलूप लावलं का मी?"

"लावलं."

"तुम्ही पाहिलं?"

"पाहिलं."

"काहून पाहिलं?"

मी म्हणायचो, "तुम्ही विचारणार म्हणून." मग ते जरा निवांत व्हायचे. पुढे पुढे मी घरी निघायच्या आधी मुद्दाम तिकडून जायला लागलो. बायकोला संशय, की मला उशीर का होतो. मी म्हणालो, "कुलूप बघायला जातो." तिचा विश्वास बसला नाही, आणि बसू नये असंच ते कारण होतं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. शाल-श्रीफळ घेतलं, कापडी पिशवीत ते काळे बूट घातले आणि गेले. आता केंद्राच्या दारात चेहरा ओळखणारं यंत्र बसवलंय. मुलं बुटांसकट आत जातात. ते यंत्र मला तीनदा नाकारतं आणि चौथ्यांदा, कंटाळून बहुधा, घेतं. चेहऱ्याबद्दल त्यांचं मत फारसं चुकीचं नव्हतं.

परवाच्या हिवाळ्यात मी दौलताबादला त्यांच्याकडे गेलो. रस्त्यावरच्या टोपलीतून पेरू घेतले. पायात माझ्या मुलीनं पहिल्या पगारातून आणलेले नवे कोरे बूट. दारात त्यांची सून होती. "या ना. पण बाबांना आता ओळख पटत नाही हो. वाईट वाटून घेऊ नका."

उंबऱ्याबाहेर ते काळे बूट ठेवलेले होते. चकचकीत पुसलेले. बूट दारात होते, पण सर आत होते की नाही, हे सांगणं अवघड होतं.

ते खाटेवर बसले होते. मी ड्रॉइंगचं सांगितलं, केंद्राचं सांगितलं, प्रज्ञाचं सांगितलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ सभ्यपणे पाहिलं. पेरू घेतला, हातात फिरवला, खाली ठेवला.

"काहून आलात?" त्यांनी विचारलं. त्यात संशय नव्हता. खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारलेलं ते 'काहून' मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि मला ते सोसवलं नाही.

घरी आलो, तर बायको जुनं सामान भंगारवाल्यासाठी काढत होती. ढिगात माझे जुने सँडल. मी ते ओढून काढले.

"अहो, टाच राहिली नाही त्याला! काय करायचंय त्याचं?"

"राहू दे."

"काही विचारलं की राहू दे! काय चाललंय तुमचं, कळेल का मला?"

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. या खेपेला आत गेलो नाही. ते ओट्यावर ऊन खात बसले होते. त्यांच्यासमोर, पाय दिसतील असा, उभा राहिलो. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलं. काही नाही. मग नजर खाली गेली. डाव्या टाचेवर थांबली. डोळे बारीक झाले, मान थोडी तिरकी झाली.

"काहून, ड्रॉइंगवाले सर," ते म्हणाले, "प्लॉटर परत अडकवला का?"

"अडकवला," मी म्हणालो.

"मला वाटलंच. या आत."

मी काळ्या बुटांशेजारी सँडल काढले आणि हात मागं बांधून आत गेलो.